बूड नसलेली अधोली

शिरूर,
८ जानेवारी १९७८

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

हे पत्र तुला आहे. तुला वाचता येत नाही आणि घरात वाचता येणारं माणूस एकच, त्याला माझा इलाज नाही. त्या माणसानं दीड वर्ष माझ्याशी अबोला धरलाय, तो त्यांनी खुशाल धरावा. पण वाचणाऱ्यानं नुसतं वाचावं. मधेच घसा खाकरू नये, ओळी गाळू नयेत आणि 'पुढं काय इशेष न्हाई' म्हणून कागदाची घडी घालू नये. आई, तू शेवटपर्यंत ऐक. शेवटी मी तुझ्या शेळीची चौकशी करणार आहे. ती ऐकू आली नाही तर समज, मधलं खाल्लं.

बातमी अशी, की आमच्या संग्रहाला अखेर छप्पर मिळालं. घोडनदीच्या अंगाला जुन्या जिनिंगची शेड आहे. कापूस गेला, पारवे राहिले. पारव्यांना नोटीस देऊन झाली, ते अजून हललेले नाहीत. तालुक्यातल्या हातांनी घडवलेलं सगळं तिथं मांडायचंय: कवठे येमाईच्या घोंगड्या, चामड्याची मोट, घुंगुरमाळा, सुपं, रांजण, बायकांनी शिवलेल्या वाकळा. हे सगळं मी एसटीनं, बैलगाडीनं आणि पायी हिंडून गोळा केलंय. लोक म्हणतात, शिकलेली पोर भंगार वेचत फिरते. म्हणू देत. एखादी म्हातारी माळ्यावरनं सूप काढते, फुंकर मारून माझ्या हातात देते आणि ते कुणी विणलं, कुणाच्या बाळंतपणात वापरलं ते सांगायला लागते, तेव्हा मी इतकी खूश असते की काय सांगू. म्हातारी होईपर्यंत मी हेच करणार. (दौंडच्या शाळेतली नोकरी सोडली म्हणून ओरडून झालेलं आहे. वाचणाऱ्यानं पुढं जावं.)

आता हलगी. इथं वाचणाऱ्याला आधी पाणी दे.

भांडण तुला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. आपण बौद्ध झालो त्या साली आबांनी घरातली हलगी वडगाव रासाईला भीमेच्या डोहात सोडली. आजोबांनी ती पाटलाच्या लग्नात मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवलेली, मेलेल्या ढोरापुढं वाजवलेली, साहेब आला की घोड्यापुढं पळत वाजवलेली. नको म्हणायची सोय नव्हती. आणि मी, त्यांची नात, नव्या नोकरीत पहिली वस्तू आणली ती कवठ्यातल्या एका माळ्यावरची हलगीच. आबा म्हणाले, "आमी बुडवली ती तू वर काढतीस व्हय?" त्यानंतर बोलणं बंद.

मी ती वाजवायला आणलेली नाही, आई. वाजवावी लागायची हे कुणी विसरू नये म्हणून आणली. "इसरू दे की," असंही आबा म्हणाले होते. ते चूक नाहीत. मीही नाही. म्हणून तर पंचाईत झालीय.

प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड आहे, त्यावर तिची माहिती. हलगीखालचं कार्ड मोकळं आहे. लिहायला बसते आणि पेन थांबतं, कारण मी जन्मात हलगी वाजवलेली नाही. ज्यांनी वाजताना पाहिली आणि स्वतःच्या हातानं सोडली, त्यांनी सांगावं काय लिहायचं ते. उद्घाटन एक मेला आहे. तोवर त्यांनी सांगितलं नाही तर कमिटी लिहील, आणि कमिटी काय लिहील याची मला फार भीती वाटते.

शेळी कशी आहे? गाभण राहिली का?

तुझी अंजना


शिरूर,
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय आई,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर नेहमीचं, रूळ टाकल्यासारखं सरळ. रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढलेल्या माणसाचं दुसरं कसं असणार! "तुझी आई खुशाल आहे. तुझी आई म्हणते तब्येतीला जप. शेळी गाभण आहे. लिहिणाराला काही म्हणायचं नाही." बरं. लिहिणाराला काही म्हणायचं नाही हेही लिहिणारानंच म्हटलं, त्याबद्दल मी आभारी आहे.

पण मधली एक ओळ खोडलीय. आबा, तुम्ही पेन फार दाबून लिहिता. कागद उलटा करून उजेडाला धरला की खोडलेलंही वाचता येतं. "तुझी आई म्हणते हे हल्ली दुपारचं तुणतुण्याची तार" एवढं लागलं. तार काय? तुटली? आणली? आई, ती ओळ पुरी करून घेतल्याशिवाय त्यांना चहा देऊ नकोस.

परवा मी कवठ्याला ताईबाईकडं गेले होते. ही बाई बांबूच्या कणग्या विणते, धान्य साठवायच्या, माणसाच्या उंचीच्या. संग्रहासाठी तिनं एक नवी विणून दिली. उचलून निघाले तर म्हणाली, "थांब गं बाय. कोरी कणगी रिकामी घराबाहेर जात न्हाई. लेकरू बसवावं लागतं आत." तिच्या घरात लेकरू नव्हतं, सगळी ऊस तोडायला गेलेली. मग ताईबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, मावशी, मी बी.ए. आहे. ती म्हणाली, "आसंना का. आईला लेकरूच हायेस न्हवं?"

बसले. आई, बसणं सोपं होतं. निघणं नव्हतं. ताईबाई आणि तिची जाऊ दोघी ओढतायत, मी हसतेय, हसल्यामुळं आणखी अडकतेय. शेवटी कणगी आडवी करून मला चांगली दूर लोळवली तेव्हा कुठं बाहेर आले. अंगणातल्या कोंबड्यांनी अजून मला माफ केलेलं नसेल. संध्याकाळी कणगी एसटीच्या टपावर बांधली तर कंडक्टर खालून विचारतो, "आतमधी कोन हाय?" ताईबाईनं झोकात सांगितलं, "आता कोन न्हाई. सकाळी बाई व्हत्या."

आता कमिटीचं. आमचे अध्यक्ष बबनराव, आपल्या वडगावचे बागायतदार. आबांच्या वेळच्या शंकरराव पाटलांचे चिरंजीव. आवाज मोठा आणि मनही मोठं, आमच्या शेडला पत्रे त्यांनीच मिळवून दिले. काल त्यांनी मोकळं कार्ड पाहिलं आणि खिशातलं पेन काढून कागदावर मजकूर लिहून दिला: "हलगी. मंगल प्रसंगी आनंदाने वाजवले जाणारे वाद्य."

मी विचारलं, "आनंदाने कुणी, दादा?"

"आता कुनी म्हंजी? ऐकनाऱ्यांनी की!" म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

मला राग आला नाही, हे मी तुला खरं सांगते. मांडवाच्या आत बसलेल्या माणसाला ती तशीच ऐकू येते. ते खोटं बोलत नव्हते. पण ते कार्ड लागलं तर मी त्या हलगीपुढून रोज कशी जाऊ? मी म्हटलं, थोडं थांबू, मला माझ्या घरून मजकूर यायचाय. ते म्हणाले, "येऊ दे. न्हाई आला तर ह्यो हायेच." कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

शेळीला सरकी घाल. पैसे वेगळे पाठवलेत.

तुझी अंजना


शिरूर,
२० मार्च १९७८

प्रिय आई,

जयभीम.

ओळ पुरी करून आली नाही, पण मला कळलं. कोरेगाव भीमाला मारुतमामांकडं जाऊन आले. ते आबांच्या जलशातले गाणारे. आठवतं ना, बाबासाहेबांचं सांगणं गाण्यांतून गावोगाव पोचवायचे, कंदिलाच्या उजेडात, रस्त्यावर चादर टाकून. मामांच्या तोंडात आता दात नावाला उरलेत, पण आवाजाला कुणी हात लावलेला नाही. त्यांनी सांगितलं, म्हाळू, म्हणजे आपले आबा, पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेला, तुणतुण्याला चांगली तार कुठं मिळंल म्हणून विचारत होता. व्वा! मुलीला पत्रात तार दिसू नये म्हणून ओळ खोडायची आणि त्या तारेसाठी कोरेगावपर्यंत जायचं.

आई, त्या तुणतुण्याची गोष्ट तुम्ही दोघांनी मला कधीच का सांगितली नाही? लहानपणी ते भिंतीवर असायचं आणि मला वाटायचं सगळ्याच तुणतुण्यांचं पोट पितळेचं असतं. मामा म्हणाले, "आगं खुळे, ती अधोली हाय."

ते सांगत होते आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. धुरपदा आजी पाटलाच्या खळ्यावर बलुत्याचं धान्य आणायला गेली होती. त्या वर्षी पीक बेताचं. पाटलाच्या कारभाऱ्यानं धान्य मोजायची पितळी अधोली तिच्या हातावर ठेवली. मापाचं बूड निघालेलं. म्हणाला, "औंदा धान्य न्हाई, मापच घिऊन जा." सगळं खळं हसलं. आजी ती पदराखाली घालून घरी आली. बूड नसलेलं माप घरात कशाला लागणार? आबांनी ते उचललं, बुडाला कातडं मढवलं, बाजूला बांबू ठोकला, खुंटी बसवली, तार ओढली. पुढं सगळा जलसा त्या तारेवर उभा राहिला. मामा म्हणाले, "धुरपदाबाई पयल्या रांगेत बसायची, आन् तार वाजली की म्हनायची, बगा, माजं बलुतं बोलाया लागलं."

मी तिथंच रडले आणि तिथंच हसले. मामांनी गुळाचा चहा पाजला.

परत आल्यावर कमिटीपुढं मागणी केली, हलगीच्या शेजारी जलशाचं तुणतुणं हवं. एकजण म्हणाले, हे काही जुनं नाही, माणसं अजून जिवंत आहेत. मी म्हटलं, मग ती मरेपर्यंत वाट पाहायची का? बबनराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "द्या पोरीला एक खिळा." अधोली कुणाच्या घरची ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

तर आता शेडमध्ये एक मोकळं कार्ड आहे आणि एक मोकळा खिळा. मामा म्हणतात, "म्हाळू येत आसंल तर मी येतो. त्याच्या तारंबिगर माझा गळा म्हंजी बिनरुळाची गाडी."

वाचणाऱ्यानं हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

तुझी अंजना


शिरूर,
१९ एप्रिल १९७८

प्रिय आई,

जयभीम. जयंती जोरात झाली असं एसटीतल्या लोकांकडून कळलं. दौंडच्या मिरवणुकीत एक म्हातारा तुणतुणं वाजवत होता आणि पोरं त्याच्यामागं नाचत होती म्हणे. कोण असेल बाई?

तुझ्या पत्रातली ही ओळ मी कमीत कमी वीस वेळा वाचली: "तुझी आई म्हणते, कार्डावर कुणाला काही लिहू देऊ नको. मोकळं ठेव." आई, कार्ड म्हणजे काय हे तुला कधीपासून कळायला लागलं गं?

छापील कार्डं आली. बबनरावांनी घाईघाईनं हलगीचंही छापून घेतलं. ते मी टेबलावर ठेवून जेवायला गेले आणि येऊन बघते तर पारव्यांनी त्याची दशा करून ठेवलेली. मी कमिटीला तसं कळवलं. टेबल नेमकं पारव्यांच्या बैठकीखाली कुणी सरकवलं, हे कुणी विचारलं नाही.

पण पुन्हा छापायला टाकलंय, आई. एक मेच्या सकाळी ते येईल. माझ्या हातात तोवरच आहे.

शेळी त्याच सुमाराला व्यायची, म्हणजे तू घर सोडणार नाहीस, ते मी धरून चाललेय. दुसऱ्या कुणाला यायचं असलं तर दौंडहून सकाळची एसटी न्हावऱ्यावरनं येते. स्टँडवरनं जिनिंग कुठं म्हणून विचारलं की कुणीही दाखवील. मी दारातच उभी असेन.

तुझी अंजना


शिरूर,
४ मे १९७८

प्रिय आबा,

जयभीम.

हे पत्र तुम्हाला. आईला मोठ्यानं वाचून दाखवा, कारण घरी गेल्यावर तुम्ही तिला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे: "गेलो. आलो." एवढंच ना? तर मी सांगते आणि तुम्ही वाचा. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं वाचायची शिक्षा तुम्हाला मिळायलाच हवी.

आई, ऐक. आबा आले तेव्हा फीत कापून झालेली, भाषणं चालू होती. मी दारातच होते. धुतलेला सदरा, डोक्याला जयंतीचा निळा फेटा, आणि काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्याकडं पाहिलं नाही. सरळ आत शिरले आणि रूळ तपासत जावं तसे एकेक वस्तू तपासत निघाले. मोटेचं कातडं दाबून पाहिलं. वाकळीची शिवण पाहिली. कणगीपाशी थांबून पाठमोरेच म्हणाले, "हिच्यातच बसली व्हतीस काय?"

जवळजवळ दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मी "व्हय" म्हटलं.

मग हलगी. तिच्यापुढं हे बराच वेळ उभे राहिले. बोटानं कड चाचपली, वाजवली नाही. तेवढ्यात बबनराव आले, हातात नवं छापील कार्ड. "राम राम. जलशाचं तुनतुनं आननारे ते तुमीच काय?" ह्यांनी अभ्रा काढला. अशी झळाळी, आई! चिंच लावून घासलेलं तू, ते मी ओळखलं. बबनरावांनी कौतुकानं हातात घेतलं, फिरवलं आणि थबकले. पितळेवर टिंबटिंबांनी कोरलेलं नाव वाचलं: शंकरराव.

"आवं, ही तर आमची अधोली!"

"व्हय," आबा म्हणाले. "तुमच्या कारभाऱ्यानं माझ्या आईला दिल्याली. बूड नव्हतं तिला. धान्य न्हाई, मापच घिऊन जा म्हनला. आमचं बलुतं."

मला वाटलं, झालं, आता उद्घाटनाचं वाटोळं. बबनराव खाली पाहत होते, त्यांचा चेहरा लालबुंद झालेला. मग त्यांनी तुणतुणं दोन्ही हातांनी परत आबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याच्या हातनं जल्मात येकच चांगली वस्तू दिली गेली, आन् ती बी चुकून."

आधी आबा हसले. ते हसल्यावरच बाकीचे हसले, हे मी नीट पाहिलं.

मारुतमामा तर वाटच बघत होते. त्यांनी कानावर हात ठेवला, आबांनी तार पिळली, आणि तीस वर्षांपूर्वीचं आबांचं स्वतःचं कवन जिनिंगच्या पत्र्यांवर घुमलं:

माप तुमचं, रास तुमची, पाठ वाकली आमची,
माप आलं आमच्या हाती, आता पाळी कुणाची?

ताईबाईनं कवठ्याहून आणलेल्या बायका टाळ्यांचा ठेका धरायला लागल्या. बबनराव पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. "आता पाळी कुणाची" आलं की मामा मुद्दाम त्यांच्याकडं हात करायचे आणि ते हात जोडायचे. पारवे एकजात उडून गेले. नोटिशीनं झालं नव्हतं ते तुणतुण्यानं केलं.

गाणं संपल्यावर आबांनी माझ्याकडं हात पुढं केला. "पेन आन." मोकळं कार्ड मांडीवर घेऊन, दाबून दाबून लिहिलं. बबनरावांनी स्वतःचं छापील कार्ड खिशात घातलं आणि हळूच म्हणाले, "म्हाळूआबा, त्यो 'आनंदाने' शब्द तेवढा कुठंतरी राहू द्या की. मला आवडला व्हता."

"ऱ्हातोय की," आबा म्हणाले. "त्याच्या जाग्यावर." आणि दुसरं कार्ड मागितलं.

आई, ती दोन्ही कार्डं तुला वाचून दाखवायला सांग. आबा, तुम्हाला पाठ असतील, तरी उतरवून पाठवते.

"हलगी. ही आमच्याकडून वाजवून घेत. १९५६ साली आम्ही आमची भीमेत सोडली. ही तिची बहीण."

"तुणतुणे. पाटलाची बूड नसलेली अधोली. बूड आम्ही बसवले. आनंदाने वाजवले."

काल शाळेची मुलं आली होती. एक मुलगी दोन्ही कार्डांपुढं उभी राहून ओठ हलवत वाचत होती. मी काही समजावून सांगितलं नाही. लागलंच नाही.

आता शेवटचं. जाताना तुम्ही दटावून गेलात, की तुणतुण्याला काचेचं कपाट नको, कुलूप नको, खिळ्यालाच टांगायचं, आणि "दरसाल जयंतीला मी न्हेनार, एक मेला आनून टांगनार. कबूल आसंल तर ठिवतो." संग्रहाच्या नियमात हे बसत नाही. मी कबूल केलं. तुमची एसटी न्हावऱ्याच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: म्हणजे वर्षातून दोनदा तुम्ही शिरूरला येणार. आबा, हे तुम्ही आधीच ठरवून आला होतात ना? इतक्या दिवसांत एवढं लबाड कुणी मला भेटलं नव्हतं.

शेळीला दोन करडं झाल्याचं स्टँडवर कळलं. त्यांना बघायला यायचंय. मी कधी येऊ ते आईला विचारून लिहा. नाहीतर असं करा, आईला विचारू नका. तुम्हीच लिहा. आणि लिहिलेलं खोडू नका.

तुमची अंजना